खरवडलेला खड्डा

आमच्या शेतातला खड्डा गावात सगळ्यात देखणा होता, हे मी आधीच सांगून टाकते. खड्ड्यात कसलं आलंय देखणेपण, असं वाटत असेल तर तुम्ही तो पाहिलेला नाही. कोपरे काटकोनात, तळ सपाट, आणि बाजू अशा खरवडलेल्या, जणू मांजरीनं रागारागात नखं चालवलीत. खरवडणं माझं होतं. खणणंही बरंचसं माझंच. आई बांधावर बसून बघत होती.

हे खड्डे प्रत्येक घराला खणायचे होते. म्हणजे ज्यांची शेतं ओढ्याच्या काठाला आहेत त्यांना. गावातल्या विहिरी दर उन्हाळ्यात थोड्या लवकरच खडखडाट करायला लागल्या होत्या. वरच्या उतारावरची झाडं कधीच गेली, तिथे लोकांनी नांगर घातला, मग माती धुऊन खाली आली, आणि पाणी तर माती येण्याची वाटसुद्धा न बघता पळून जायला लागलं. त्यावर इलाज म्हणून उतारावर पुन्हा झाडं आणि खाली एक तळं, असं ठरलं. पाणी साठवायचं तळं नाही. पाणी जिरवायचं. त्यात आलेलं पाणी जमिनीत जावं आणि जमिनीतून विहिरींत.

असं एक तळं आमच्याकडे आधीच आहे. ते कुठे खणायचं हे दूर कुठल्यातरी कचेरीत ठरलं होतं, गावाला कुणी विचारलंही नव्हतं. त्यातलं पाणी मुरत नाही. साचतं, हिरवं होतं, डास घालतं आणि उन्हात वाळून जातं. म्हणून या वेळी पाणलोटवाल्या ताई आल्या तेव्हा गावानं त्यांना पहिल्याच सभेत बजावलं, की जागा आम्ही ठरवणार. ताई म्हणजे मोठी टोपी, मातीनं माखलेले बूट आणि गळ्यात शिटी. शिटी कशाला, ते कुणालाच कळलं नाही. त्या कधी वाजवायच्याही नाहीत.

"तुम्हीच ठरवा," ताई म्हणाल्या. "जिथली जमीन भराभर पाणी पिते तिथे तळं. कुठली पिते ते बघायला खड्डे खणा, संध्याकाळी पाण्यानं भरा, सकाळी सगळे मिळून बघू."

"आपापल्या शेतात आपापला खड्डा," पाणी समितीचे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांना सगळे भोंगा म्हणतात, तोंडावरसुद्धा, कारण त्यांना हळू बोलताच येत नाही. "दुसऱ्याच्या शेतात दुसऱ्यानं कुदळ लावायची नाही. आपली रीत आहे ती."

ही रीत आमच्याकडे फार कडक आहे. शेजाऱ्याच्या शेतातलं तण आपल्याकडे वाकलं असेल तरी ते उपटायच्या आधी हाक मारायची. त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि ज्याच्या शेतात तळं होईल त्याचं काय, हे विचारायला मी उभी राहिले. मी आजकाल सगळीकडे उभी राहते. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीलाही माझा आवाज ऐकू जायचा नाही. मग एकदा प्रार्थनेनंतर बातम्या वाचणारी मुलगी आली नाही आणि बाईंनी समोर दिसली म्हणून मला माईकपुढे ढकललं. माझा आवाज पार मैदानाच्या टोकाला जाऊन परत आला. मला तो इतका आवडला की विचारू नका. तेव्हापासून मी बंदच होत नाही. काका आधी मला मुकी म्हणायचे. आता वटवट म्हणतात.

"चांगला प्रश्न," ताई म्हणाल्या. "ज्यांचं शेत जाईल त्यांना वरच्या उताराचा तेवढाच तुकडा मिळेल. झाडं लावायला."

उताराचा तुकडा म्हणजे दगड. झाडं लावा, पाणी घाला, आणि तुमच्या नातवंडांनी फळं खावीत. सभेत एकदम सगळ्यांना आपापल्या चपला बघाव्याशा वाटायला लागल्या. तळं सगळ्यांना हवं होतं. शेजाऱ्याच्या शेतात.

आमचं शेत ओढ्याच्या वळणावर. त्याला लागून काकांचं. आजोबांनी एकाची दोन करून दोघा भावांना दिलेलं, मधे गुडघाभर बांध. बाबा गेल्यापासून आमचंही काकाच नांगरतात. आपलं झालं की नांगर बांधावरून उचलून अलीकडे आणतात, कुणी न सांगता. आम्ही चहा घेऊन जातो. काका पितात आणि दर वेळी म्हणतात, "गोड झालाय." चहा गोड असो वा नसो.

बाबा गेल्यापासून आणखी एक झालंय. मला नीट काही वाटत नाही. पाय मुडपून खूप वेळ बसलं की तो आपला उरत नाही ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा वाटतो, तसं. मी हसते, बोलते, टाळ्या घेते. पण ते सगळं त्या पायावर चाललेलं असतं. आईचं तर दोन्ही पायांवर. ती पूर्वी शेतात गाणी म्हणायची आणि शेजाऱ्यांच्या बैलाला नावं ठेवायची. आता ती दूध उतू गेलं तरी आधी थोडा वेळ त्याच्याकडे बघते आणि मग गॅस बंद करते.

पण खड्डा मी जिवापाड खणला. ताईंनी सांगितलं होतं, कुदळीनं माती दाबली जाते, बाजू गुळगुळीत होतात आणि मग पाणी आत जात नाही, खोटा निकाल येतो. म्हणून बाजू खरवडायच्या. मी खुरप्यानं एकेक बाजू खरवडली. संध्याकाळी आम्ही घागरींनी पाणी आणून भरला. कडेला मी काठी रोवली आणि काठीला पुठ्ठ्यावर आमच्या घराचं नाव लिहून लावलं, खाली फुलाचं चित्र. फुलाची गरज नव्हती.

सकाळी अख्खा गाव रांगेनं निघाला. पहिलं शेत भोंग्याचं. खड्डा काठोकाठ. दुसरं, काठोकाठ. पुढचं, त्याच्या पुढचं, सगळे काठोकाठ. एकात तर बेडूक आला होता राहायला. ताई प्रत्येक ठिकाणी वाकायच्या, पाणी बघायच्या, भुवया उंचवायच्या आणि पुढे निघायच्या. काकांचाही भरलेला होता. काकांनी पाण्यात बघून डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

मग आमचा. रिकामा. तळाशी नुसता ओलावा, आणि माझी खुरप्याची नखं स्पष्ट दिसत होती.

"वा!" भोंगा ओरडला. "बघा! पिऊन टाकलं! एका रात्रीत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मीही दोनदा वाजवल्या आणि मग माझ्या लक्षात आलं, की आमचं शेत गेलं.

मी वाट बघितली की आता छातीत काहीतरी होईल. झालं नाही. मी पुठ्ठ्यावरच्या फुलाकडे बघत राहिले. पाकळ्या सारख्या आल्या नव्हत्या.

काका आमच्याकडे आले. त्यांचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. "वहिनी," ते आईला म्हणाले, "हे कसं काय?"

"जिरलं," आई म्हणाली.

"पण..."

"जिरलं, भाऊजी."

काकू मागे उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आईकडे अशी बघत राहिली, जणू आईनं भर रस्त्यात काहीतरी वेड्यासारखं केलंय. मला तेव्हा वाटलं, दुःख झालंय तिला. सभा येत्या सुट्टीच्या दिवशी, तिथे हात वर करून जागा पक्की करायची, असं सांगून ताई गेल्या.

शाळेला मी ओढ्याकाठच्या वाटेनं जाते. दोन दिवस झाले तरी सगळे खड्डे तस्सेच भरलेले. ऊन मी म्हणत होतं आणि पाणी जागचं हललं नव्हतं. बेडकानं बायको आणली होती. विज्ञानाच्या तासाला मी खिडकीतून बाहेर बघत बसले. इतकं पाणी न पिणारी जमीन असेल तर आपण आजवर पिकवत काय होतो, असा साधा प्रश्न मला पडला. येताना मी काकांच्या खड्ड्यापाशी थांबले. कुदळ लावायची नाही, अशी रीत आहे. हात घालायचा नाही, असं कुणी म्हटलेलं नाही. मी पालथी पडले आणि दंडापर्यंत हात पाण्यात घातला.

बाजू मडक्यासारखी गुळगुळीत होती.

चिकणमाती. चांगली मळलेली, बोटभर जाड, तळापासून वरपर्यंत लिंपलेली. वरच्या कडेजवळ, पाण्याच्या जरा वर, लिंपणारा हात टेकला होता तिथे पंजा उमटला होता. चार बोटं पूर्ण आणि करंगळीशेजारचं अर्धं. काकांचं ते बोट चारा कापायच्या यंत्रात गेलंय, मी लहान असताना. त्याच हातानं त्यांनी मला सायकल शिकवली. मी त्या पंजाकडे बघितलं. मग उठले, गणवेशावरची माती झटकली. मग आणखी खड्डे बघितले. सगळे लिंपलेले. कुणी घाईत, कुणी सावकाश, भोंग्यानं तर कडेला नक्षीसारखी बोटं फिरवली होती.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, सगळ्यांनी लिंपलेत खड्डे!"

"हं."

"हं काय? चिकणमातीनं! काकांनीसुद्धा!"

"माहितीये," आई म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला. "काकूनं आपल्यासाठीही मळून ठेवली होती. घमेलं गोठ्यात आहे. गोणपाटाखाली."

मी गोठ्यात जाऊन आले. होतं घमेलं. माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. वर काकूनं ओलं राहावं म्हणून पाण्याचा हात फिरवल्याच्या रेघा होत्या. म्हणजे काकूनं आम्हाला वगळलं नव्हतं. उलट आमचीच माती तिनं जास्त मऊ मळली असणार, कारण आमच्याकडे लिंपायला फक्त आई.

"मग तू लावली का नाहीस?"

आईनं अभ्रा घडीवर ठेवला. दुसरा उचलला. मला वाटलं, ती विसरली मी काय विचारलं ते.

"गेले होते मी," ती म्हणाली. "तू झोपल्यावर. घमेलं घेऊन. बघितलं तर तू असं खरवडलेलं. काठी, पुठ्ठा. फूल काढलेलं. त्याच्यावर चिखल कुठे थापू?"

"आई!"

"आणि खरं सांगू? कंटाळा आला. म्हटलं, जातंय तर जाऊ दे. ओणवं होऊन मातीत हात घालायचा, शेत वाचवायचं, मग परत नांगरायचं, परत पेरायचं. कशाला?" ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की कुणाला वाटावं, दुकानातून काय आणायचं ते सांगतेय. "तुझ्या फुलामुळे म्हण किंवा कंटाळ्यानं म्हण. दोन्ही."

मी पलंगावर तिच्या घड्यांशेजारी बसले. मला बाबांच्या शेताबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. शब्द होते, पण ते मैदानावरच्या माईकचे होते, घरातले नव्हते.

"मी सभेत सांगणार," मी म्हणाले.

"सांग. पण परत खड्डे बघितले, तर काकांची जमीन आपल्यासारखीच आहे. बांध नंतरचा आहे. खाली मुरूम एकच." मुरूम म्हणजे मातीखालचा तो भुसभुशीत खडा, ज्यातून पाणी चाळणीतून जावं तसं जातं. "त्यांच्याकडे तो जरा वरच लागतो. तुझे बाबा म्हणायचे, त्याच्याकडे पाणी ठरत नाही, माझ्याकडे थोडं ठरतं. म्हणजे कळलं ना? बोललीस तर त्यांचं जाईल. नाही बोललीस तर आपलं. बघ तुझं तू."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही गं," आई म्हणाली. हे तिनं खोटं सांगितलं नाही.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. आमच्याच बाकांवर मोठी माणसं गुडघे मुडपून बसली होती आणि सगळी नापास झाल्यासारखी दिसत होती. फळ्यावर ताईंनी ओढा काढला होता, दोन्ही काठांना शेतांचे चौकोन, आणि आमच्या चौकोनात निळा खडू. काका खिडकीजवळ. काकू बायकांत. आई शेवटच्या बाकावर, हात मांडीवर.

मी इथे खरं लिहिते. मला त्या वेळी न्याय वगैरे काही सुचलं नाही. मला शेत हवं होतं. बस्स. मी उभी राहिले तेव्हा तेवढंच होतं डोक्यात.

"सगळ्यांनी खड्डे लिंपले आहेत," मी म्हणाले. माझा आवाज छान लागला. भिंतीवर आपटून परत आला. "चिकणमातीनं. आम्ही सोडून. म्हणून आमचाच जिरला."

मला वाटलं होतं, आता भूकंप होईल. कुणी ओरडेल, कुणी नाकारेल. खोलीत नुसती बाकांची करकर झाली. मग भोंगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं:

"तुम्ही लिंपला नाही?"

"नाही!"

"का?"

"का म्हणजे? ताईंनी सांगितलं होतं खरवडा म्हणून!"

"अगं पोरी," मागून एक आजी म्हणाल्या, "सगळेच लिंपणार म्हटल्यावर सगळे सारखेच झाले की. त्यातनं ज्याचा जिरेल त्याची जमीन खरी. आम्हाला काय माहीत एखादं घर असं... कोरडं बसेल?"

"मी तर आतून दोन थर दिले," कुणीतरी म्हणालं. "म्हटलं बाकीचे एक देतील."

"तरीच तुझ्यात बेडूक."

हशा पिकला. खरं सांगते, मीही हसले. ते लबाडी करत होते असं त्यांना वाटतच नव्हतं. आपण सगळे एकत्र लिंपतोय, म्हणजे हिशेब बरोबरच राहणार, असा त्यांचा मनापासून समज होता. अख्ख्या गावानं इतक्या एकजुटीनं आधी कुठलंच काम केलं नसेल. ताई टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, जणू उत्तर तिथे लिहिलंय.

"लोकसहभाग," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्यानं: "खुरपी आहेत का कुणाकडे?"

पुन्हा रांग निघाली. या वेळी रीत बाजूला ठेवायची, असं भोंग्यानंच जाहीर केलं, त्यामुळे ते ओढ्यापलीकडेही ऐकू गेलं. प्रत्येकाचा खड्डा दुसऱ्यानं उपसायचा, दुसऱ्यानं खरवडायचा. बेडकांना हलवण्यात आलं. बायका पाणी आणत होत्या, पोरं घागरी नेत होती, आणि जरा वेळानं तर ती कुठल्या कामासाठी जमलेली माणसं आहेत हे कुणी ओळखलं नसतं, इतके विनोद चालले होते. भोंग्याच्या खड्ड्यातली नक्षी उतरवताना लोकांनी त्याला विचारलं, की भाऊ, घर कुणाकडून रंगवून घेतलंस.

काकांचा खड्डा माझ्या वाट्याला आला. कुणी मुद्दाम दिला नाही. जवळ मीच होते.

काका बांधावर उभे होते. मी खाली उतरले. पंजा अजून तिथेच होता, अर्ध्या बोटासकट. मी खुरपं लावलं. माती सालीसारखी निघत होती. पंजाच्या आजूबाजूचं सगळं मी आधी काढलं आणि पंजा शेवटी ठेवला. का, ते मला माहीत नाही. मग काकाच म्हणाले, "तो पण काढ. वटवट, काढ तो पण."

मी काढला. अख्खा एक तुकडा निघाला. तो मी वर काठावर ठेवला.

सगळे खड्डे भरले गेले. एकदा जमीन ओली करायला आणि एकदा मोजायला, असं ताईंनी करायला लावलं. मग लोक झाडाखाली बसले. ऊन कलायच्या आत ताईंनी हाक मारली. भोंग्याचा निम्म्यावर आला होता. इतरांचे कमीजास्त. आमच्यात तळाशी थोडं चमकत होतं. काकांचा रिकामा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तिथेच, शेतातच, सभा पुढे सुरू झाली, कारण परत त्या छोट्या बाकांवर बसायला कुणी तयार नव्हतं. ताईंनी काकांना विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

काका टोपी हातात घेऊन उभे होते. "माझं काय म्हणणं? जमीन पिते तर पिते." मग टोपी डोक्यावर घालत, "आधीच दिसलं असतं. मीच लिंपलं."

काकू खाली बसली. तिचा धाकटा तिच्या पाठीला लोंबकळत होता, त्याला तिनं हलवलंसुद्धा नाही. माझं शेत वाचलं होतं. मी ते स्वतःला सांगून बघितलं. शेत वाचलं, शेत वाचलं. फळ्यावरचा निळा खडू एका चौकोनातून पुसून शेजारच्या चौकोनात. माझ्या आवाजानं. त्या आवाजाला आता गावात मान होता, दोघातिघांनी माझ्या खांद्यावर थोपटलं होतं. थोपटलेलं मला कपड्याला लागल्यासारखं वाटलं, मला नाही.

"हात वर करा," भोंगा म्हणाला. त्यातल्या त्यात हळू.

हात वर जायला लागले. तेव्हा आई उठली. बाबा गेल्यापासून ती चार माणसांत काही बोलली नव्हती. ती बोलणार आहे हे कुणाला कळलंच नाही, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य वाया गेलं आणि तिला परत म्हणावं लागलं.

"आमच्या शेताचं खालचं अर्धं भाऊजींना. वरचा उताराचा तुकडा येईल तो निम्मा आम्हाला."

"वहिनी, बसा खाली," काका म्हणाले.

"बसते. आधी हे मांडून घ्या, ताई."

"वहिनी, तुमच्याकडे करणारं कोण आहे? दगडात काय लावणार तुम्ही?"

"लावू काहीतरी. ही आहे ना. खड्डे बरे खणते."

"मी नाही घेणार."

"तुम्ही नांगरताच ना भाऊजी इकडे? मग तसंच नांगरा. अर्ध्यात तुमचं पेरा. माझं काम कमीच होतंय." आणि ती खरोखर बसली. तिच्या आवाजात त्याग वगैरे काही नव्हतं. घराचा एक दिवा बंद करावा तसं तिनं ते सांगितलं. काकू उठून आली आणि तिच्याशेजारी बसली. जरा वेळानं काकू म्हणाली, "घमेलं परत दे माझं. मला वाटलं होतं, लिंपाल तुम्ही."

"गोठ्यात आहे. वाळलीये माती."

"भिजवू. चुलीला होईल."

हात मोजायची गरज पडली नाही.

खणायचं यंत्र आलं त्या सकाळी मला शाळा होती, पण मी आधी शेतात गेले. काका बांधावर. ते बांध काढून टाकणार होते. आता बांधाच्या एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला अर्धं त्यांचं, तर बांध तसाही कुणाचाच नव्हता. मी त्यांना चहा दिला.

"गोड झालाय," काका म्हणाले.

साखर संपली होती. घातलीच नव्हती. मी सांगितलं नाही.

पंजाचा तुकडा काठावर मी ठेवला तिथेच होता. मधून तडकलेला, अर्धं बोट वेगळं झालेलं. मी तो उचलला आणि माझा हात त्यावर ठेवून बघितला. माझी बोटं आता काकांच्या जवळजवळ एवढी झाली आहेत. मला वाटलं, आता येईल रडू. मी थांबले, तोंड उघडलं, आणि आली ती जांभई. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी.

"झोप झाली नाही का?" काकांनी विचारलं.

"झाली."

"मग?"

"काय माहीत."

काका माझ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनाही जांभई आली. त्यांनी अर्ध्या बोटाचा हात तोंडावर धरला. यंत्राचा चालक वरून ओरडला, की ओ, बाजूला व्हा, दोघंही. आम्ही बाजूला झालो. यंत्राचा पंजा खाली गेला तो नेमका खड्ड्यावर, आणि मातीत खुरप्याच्या माझ्या रेघा होत्या त्यांच्यासकट पहिला घास वर आला.

मी दप्तर खांद्यावर घेतलं. पायात, टाचेपाशी, बारीक मुंग्या आल्यासारखं झालं. मी एका पायावर उभी राहून तो झटकला.

"वटवट, उशीर होतोय तुला," काका म्हणाले.

"हो," मी म्हणाले, आणि तो तुकडा दप्तरात, वह्यांच्या मागे ठेवून निघाले.